बदलीवाल्यांचा भोंगा

भूत समोर येऊन उभं राहिलं तर त्याला पोहे-जलेबी खिलवून वाटेला लावणारा माणूस मी. राजेंद्र नगरात कुणालाही विचारा! तेव्हा पुढचं वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा, भिया...

इंदूरच्या मिला एकेक करून बंद पडत होत्या, ते दिवस. आमच्या मिलचं एकच खातं कसंबसं चालू. बॉयलर इतका थंड की भट्टीत मांजर व्यालेली. भोंगा वाफेवर वाजायचा, म्हणजे तोही मुका. जिवंत होता फक्त कंप्यूटर विभाग — कारण तिथे मी होतो! क्वेऱ्या, म्हणजे मशीनला विचारायचे प्रश्न, सगळ्या माझ्या हातच्या. एकदा लिहून सेव्ह केली की नाव टाकायचं, उत्तर हजर. कोणती क्वेरी कोणत्या फाइलींतून माहिती उचलते, हे मी झोपेतही बडबडायचो. बायको साक्षीला आहे.

मग उदारीकरणाचं वारं आमच्याही गेटातून आत शिरलं. नवी मशीन आली, नवं सॉफ्टवेअर आलं, आणि जुनी मशीन गेली पोलोग्राउंडला, भंगारात.

आठवड्याभरात गणपत आला. लूमवरचा बदली कामगार. म्हणजे भोंगा झाला की गेटवर उभं राहायचं. कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, आत घेणार. बायकोचं ऑपरेशन बीमा अस्पतालात ठरलेलं; तिथे हजेरी भरलेल्या कामगारालाच इलाज, आणि हजेरीचा दाखला त्याच दुपारी द्यायचा होता. मी ऐटीत क्वेरी चालवली. गणपतची हजेरी — शून्य.

"साहेब, इतकी वर्षं घासली, आणि मशीन मला ओळखत नाही?"

"नवी सून आहे रे, ओळखेल हळूहळू."

क्वेरी उघडून पाहिली. ती दोन फाइलींवर उभी होती : एक कायम कामगारांची, एक बदलीवाल्यांची. दुसरी नव्या मशीनवर नव्हतीच! मॅनेजरसाहेबांकडे धावलो.

"बदलीवाले आता आहेत कुठे? मीच म्हटलं, ती फाइल उतरवू नका," साहेब म्हणाले.

भंगारवाल्याला फोन लावला, तर त्याने मशीन केव्हाच फोडलेली. कागदी हजेरी वाळवीने पचवलेली. गणपत मान खाली घालून बसला. मी उगाचच क्वेरीचं नाव पुन्हा टाकलं.

आणि भोंगा झाला.

लांबलचक, छाती फाडून... खिडकीच्या काचा थरथरल्या. गणपत सवयीने ताडकन उठला, टोपी सारखी केली. "साहेब, आत घेतील ना हो?"

माझं बोट आपोआप एंटरवर पडलं. पडद्यावर नावं धावू लागली — बदलीवाले, सगळेच्या सगळे, जणू गेट उघडलं! गणपतसमोर भरगच्च हजेरी. छापली, सही ठोकली, गणपत सायकलवर पसार.

क्वेरी पुन्हा चालवली. शून्य. मशीन म्हणते, फाइल सापडत नाही. बॉयलरपाशी गेलो, तर मांजर पिल्लांना पाजत पडलेली. चौकीदार म्हणाला, "कौन सा भोंगा, भिया?"

जॉबरने दाखला आपल्या आठवणीशी ताडून पाहिला. एकही हजेरी चुकलेली नव्हती. गणपतची बायको चालत घरी आली. सॉफ्टवेअरवाला इंजिनिअर मात्र अडून बसला : फाइल नसताना क्वेरी चालूच शकत नाही. खरंय. त्याची नसेल चालत. माझी चालली!

माझी कुठलीही क्वेरी सांगा, ती कशावर उभी आहे ते आजही तोंडपाठ सांगीन. फक्त त्या दुपारी ही एक कशावर उभी राहिली... ते मला अजून ठाऊक नाही.