दहा वाजता गायब होणारे स्पीकर

मारुती मास्टरला ऐकू येत नाही, हे सुरतेतल्या भेस्तानच्या त्या बिल्डिंगीत सगळ्यांना ठाऊक होतं. मान्य नव्हतं ते फक्त मारुती मास्टरला. "कमी येतं," एवढंच तो म्हणायचा. चौतीस वर्षं कापड विणणाऱ्या लूमच्या धडधडाटात काढलेल्या माणसाचे कान शाबूत राहतील तरी कसे! परभणीकडून सुरतेला आला तेव्हा मिसरूड फुटलेलं पोरगं होता. आधी लूम चालवले, मग बिघडलेले लूम दुरुस्त करायला शिकला आणि तेव्हापासून लोक त्याला मास्टर म्हणू लागले. त्या आवाजात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू जात नाही, म्हणून तिथली माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलणं ओळखतात. मारुती तर चार लूम पलीकडच्या माणसाची शिवी ओठांवरून वाचायचा आणि जागेवरूनच परत करायचा.

अशा माणसाच्या घरात गाण्याचे स्पीकर बिघडावेत आणि ते दुरुस्त करायचं त्याच्याच गळ्यात पडावं, आता याला काय म्हणायचं?

झालं असं, की सात महिन्यांपूर्वी त्याच्या बायकोला, इंदुबाईला, लकवा मारला. उजवं अंग गेलं, ते सोसलं असतं हो. पण बोलणं गेलं. तिला कळायचं सगळं, पण शब्दच सापडायचा नाही. तोंड उघडायची, थांबायची आणि डोळ्यांतून पाणी काढायची. आणि बाई कोण? तर जी भाजीवाल्याशी एका दमात मराठीत, हिंदीत आणि गुजरातीत भांडायची, ती! घर कसं मुकं मुकं झालं. मारुतीला तशीही शांतताच असायची, पण ही शांतता त्यालासुद्धा ऐकू यायला लागली.

बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "काका, यांना जुनी पाठ असलेली गाणी लावा आणि मागून म्हणायला सांगा. बोलणं अडतं तिथं गाणं कधी कधी वाट काढतं. पण रोज, दोन वेळा, न चुकता. जेवढं लवकर तेवढं बरं."

गाणी होती. मुलगा दीपक याच्या लग्नात हळद दळताना इंदुबाईनं जात्यावर म्हटलेल्या ओव्या त्यानं मोबाइलवर धरून ठेवल्या होत्या. चांगल्या तासभराच्या. हजीऱ्याच्या एका कारखान्यात तो कंत्राटावर जातो, पहाटेच्या बसनं निघतो तो दिवेलागणीला उगवतो. म्हणून त्यानं एक जुना कॉम्प्युटर आणला, टीव्हीखाली ठेवला, त्यात त्या ओव्या भरल्या आणि वायफायवर चालणारे दोन स्पीकर आणले. एक इंदुबाईच्या खोलीत, एक बाहेर, ती चालायचा सराव करते तिथं. सकाळी दहाला आणि दुपारी चारला ओव्या आपोआप सुरू व्हायच्या, कुणी बटण दाबायला नको. इंदुबाई स्वतःच्याच जुन्या आवाजामागून हुं हुं करत जायची. तिसऱ्या आठवड्यात त्या हुंकारातून शब्द निघायला लागले. 'हळद' निघालं, 'सून' निघालं. गाणं थांबलं की मात्र पुन्हा कुलूप. पण निघत तर होते! मारुतीचा सगळा जीव त्या दोन वेळांवर येऊन बसला.

आणि नेमके तेव्हाच स्पीकर हरवायला लागले.

हरवायला म्हणजे, जागेवरच असायचे, पण कॉम्प्युटरला सापडायचे नाहीत. ओवी अर्ध्यात तुटायची. मारुतीला तुटलेली कळायची कशी? तो स्पीकरच्या जाळीवर तळवा ठेवून बसायचा. लूम नीट चालतो आहे की कुरकुरतो आहे, हे त्यानं आयुष्यभर हातानंच ओळखलं होतं. तळव्याखालची थरथर थांबली, की गेलं गाणं.

खालच्या मजल्यावरचे भाईदास म्हणाले, "काका, राउटर जूनुं थई गयुं, नवुं लई लो." मशीन बिघडलं की नवीन घ्या म्हणणाऱ्या माणसांचा मारुतीला पहिल्यापासून राग. त्यानं वही काढली आणि कधी बंद पडलं, किती वेळानं आलं, तेव्हा लाइट होती का गेली होती, सगळं लिहायला लागला. आठ दिवसांत त्याच्या लक्षात आलं, की लाइट जाऊन आली की हमखास गोंधळ होतो. त्यानं रात्री दीपकला धरून बसवलं.

दीपकनं मोबाइलवर लिहून दाखवलं, "अण्णा, लाइट आली की राउटर स्पीकरला नवा नंबर देतो. कॉम्प्युटर जुन्याच नंबरवर शोधत बसतो."

"म्हंजी भाडेकरूनं खोली बदलली अन् हा बाबा जुन्याच दारावर थापा मारतोय?"

"बरोबर तसंच!"

"मग खोली बदलूच नको म्हनावं की!"

दीपक हसला. त्यानं राउटरमध्ये दोन्ही स्पीकरांना कायमचे नंबर देऊन टाकले. त्यानंतर दोनदा लाइट गेली आणि दोन्ही वेळा स्पीकर मुकाट्यानं परत आले. मारुती दोन दिवस बिल्डिंगीत छाती काढून फिरत होता.

तिसऱ्या दिवशी दहा वाजून सात मिनिटांनी ओवी पुन्हा तुटली. लाइट होती, कुठं काही नव्हतं.

आता सराव अर्धा कसा सोडायचा? डॉक्टरीणबाई न चुकता म्हणाल्या होत्या. मग स्पीकर पहिल्यांदा हरवायचे तेव्हा गायचा, तसा मारुती पुन्हा स्वतःच गायला लागला. देवा रे! सूर कशाशी खातात ते त्याला माहीत नाही, आपला आवाज आपल्यालाच येत नाही, त्यामुळे तो बेंबीच्या देठापासून ओरडायचा. एका हातात मोबाइल आणि नजर पडद्यावर, स्पीकर सापडले का, सापडले का. सापडले की गाणं अर्ध्यावर टाकून हा मोकळा. पहिल्या दिवशी खालून भाईदास धावत आले होते, घरात काय झालं म्हणून.

वहीत आता वेगळंच काही उमटायला लागलं. दोन्ही स्पीकर एकाच क्षणाला जात होते, म्हणजे दोष स्पीकरांचा नव्हे, वायफायच बंद पडत होतं. आणि पडत होतं ते दहानंतर किंवा चारनंतर, मधे कधीच नाही. रविवारी तर एकदाही नाही! मशीनला रविवार कुठला कळतोय? वेळ बघून, वार बघून येणारा बिघाड माणसाचा असतो, हे मास्टरला कुणी शिकवायला नको होतं. लूमवर अशी कितीतरी माणसं त्यानं पकडली होती.

घरात माणूस उरला कोण? सून, रुपाली. ती घरीच साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम करायची. वायफायची तार इंदुबाईच्या खिडकीतून आत येते, म्हणून राउटर तिच्याच पलंगामागं, भिंतीवरच्या बोर्डाला लावलेला, आणि रुपाली त्याच बोर्डावर मोबाइल चार्जिंगला लावायची. मारुतीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि तोंड सुटलं.

"तुला मोबाइल मोठा हाय का सासू मोठी? तिचं बोलनं तुझ्या चार्जरपायी बंद पाडतीस व्हय गं?"

रुपाली हातातली साडी खाली ठेवून उभी राहिली. सासऱ्याला ती मामा म्हणते, आजवर उलटून बोलली नव्हती. त्याला दिसावं म्हणून तोंड पुरतं उघडून ती म्हणाली, "मामा, आत्याबाईंचं अंग मी पुसते. मी असं करीन?" आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. मारुतीला थोडं चुकल्यासारखं झालं, पण हट्टी गडी, पुरावा पाहिजे!

लूमचा कुठला भाग कुठं घासतोय ते कळत नसलं, की तिथं खडू फासायचा. ज्याला रंग लागेल तो चोर. दुसऱ्या दिवशी मारुतीनं रुपालीच्या सामानातला निळा खडू घेतला, कुटला आणि बोर्डावरच्या राउटरच्या बटणावर गुपचूप चोळून ठेवला. दहाला ओव्या सुरू झाल्या. तो मुद्दाम बाहेर जाऊन, बाहेरच्या स्पीकरवर हात ठेवून बसला. रुपाली समोरच साडीवर वाकली होती. सहा-सात मिनिटं झाली आणि तळव्याखालची थरथर थांबली.

रुपाली जागची हललीसुद्धा नव्हती. बोटं स्वच्छ होती, साडीवर साधा निळा ठिपका नाही.

मारुती आत गेला. इंदुबाई उशीला टेकून खिडकीबाहेर बघत होती, इतकी शहाण्यासारखी की बघतच राहावं. पलंगाला तिची चार पायांची काठी टेकवलेली होती. काठीच्या एका पायाचं रबर निळं झालं होतं. डाव्या हातानं काठी उचलायची, मागं न बघता बटण बंद करायचं आणि नवरा गायला लागला की पुन्हा चालू करायचं, एवढं सगळं ही बाई महिनाभर करत होती, लेक घरी असतो तो रविवार तेवढा सोडून!

मारुतीनं काठी उचलून तिच्यापुढं धरली. "इंदू, ह्ये तू?"

तिनं मान खाली घातली. मग अर्ध्या तोंडानं हसू आवरेना तिला.

"हसतीस काय? अगं, लेकानं झोप मोडून मशीन बसवली. सुनेला मी नाही नाही ते बोललो. तुला बोलायचंच न्हाई का? सांग, बोलायचंच न्हाई का माझ्यासंगं?" दारात रुपाली येऊन उभी होती. तिच्याकडं वळून तो म्हणाला, "चुकलं माझं, पोरी. लई चुकलं." तिनं मान हलवून, राहू द्या, म्हटलं.

इंदुबाईनं डावा हात गादीवर आपटला, बस. मग त्याच्या तोंडाकडं बोट केलं, म्हण.

तो बसला. आज हातात मोबाइल नव्हता, शोधायचं काही उरलंच नव्हतं. त्यामुळे गाताना बघायला समोर फक्त तिचं तोंड होतं. त्यानं ओवी धरली:

"हळद दळीते गं बाई, खुंटा माझ्या डाव्या हाती,
सून येती माझ्या घरा, दारी तेवू द्या पणती."

खरी ओवी तशी नव्हती. जात्याचा खुंटा तिनं उजव्या हातात धरला होता, आणि ओवीतही उजवाच होता. पण गाडीभर ओझं वाहिल्यासारखा तो उजवा हात तिच्या मांडीवर पडलेला, त्याच्यासमोर 'उजव्या' म्हणायला मारुतीची जीभ रेटेना. पहिल्या दिवसापासून त्यानं 'डाव्या' करून टाकलं होतं. त्याला वाटलं होतं, हिच्या ध्यानात कशाला येतंय.

आता त्यानं पाहिलं. त्या शब्दाला तिचे ओठ पुढं आले, आवळले, थांबले. हे ओठ रोजच असे धडपडत असणार, आणि ओठ वाचण्यात जन्म गेलेला हा माणूस रोज मोबाइलच्या पडद्यात डोकं घालून बसला होता. मशीन बिचारी चुकतच नव्हती, तिला काय दुरुस्त करायचं? चुकत होता तो नवरा, आणि नवऱ्याची चूक इंदुबाईनं उभ्या जन्मात कधी पोटात ठेवली नव्हती. ती सुधारायलाच ती रोज मशीन बंद पाडून त्याला गायला लावत होती.

"डाव्या हाती," त्यानं मुद्दाम पुन्हा म्हटलं आणि तिच्या ओठांवरची नजर हलवली नाही.

ओठ पुन्हा पुढं आले. मानेच्या शिरा ताणल्या. आणि मारुतीनं तो शब्द स्वच्छ वाचला. पण तो आवाजात निघाला की नुसता ओठांवरच राहिला, ते त्याच्या कानांना सांगता येत नव्हतं. तो धडपडून रुपालीकडं वळला. "काय म्हनाली? आवाज आला का गं? आला का?"

रुपालीनं पदर तोंडाला लावला होता. तो बाजूला करून, त्याला नीट दिसेल असं ती म्हणाली, "उजव्या. उजव्या म्हणाल्या, मामा. गाण्यात नाही, बोलल्या!"

"बरं बाई, उजव्या," मारुती म्हणाला आणि त्यानं ओवी पुन्हा पहिल्यापासून धरली. पण त्या शब्दापाशी आला आणि थांबून तिच्या ओठांकडं बघत राहिला. तेव्हा इंदुबाईनंच तो शब्द त्याच्यासाठी म्हणून टाकला.