गठ्ठेमामांची डहाळी

गठ्ठेमामांच्या सायकलच्या दांडीला कायम कडुलिंबाच्या दोन-चार डहाळ्या बांधलेल्या असायच्या. नवा माणूस विचारायचा, शेळी पाळलीय का? मामा नुसते हसायचे आणि पुढे जाऊन रस्त्यातल्या एखाद्या खड्ड्यात डहाळी रोवायचे. तिच्या टोकाला लाल सुताचा तुकडा बांधायचे. दुष्काळ सरल्यानंतरच्या त्या वर्षांत सोलापूरच्या पूर्व भागात सायकल मारणाऱ्या प्रत्येकाला त्या लाल सुताचा अर्थ ठाऊक होता.

मामा तेलुगू विणकराच्या घरातले. घरच्या मागांवर चादरी निघत, आणि कारखान्यातून रंगवलेलं सूत आणायचं काम त्यांचं. कॅरिअरवर गठ्ठे असे रचलेले असत की मागून पाहणाऱ्याला सायकल आपोआप चाललीय असं वाटावं. मागे एवढं ओझं असलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल ऐकत नाही, हे मला त्यांनीच सांगितलं. मी तेव्हा शाळेत मास्तर म्हणून नुकताच लागलो होतो आणि सकाळी आम्ही सात रस्ता चौकाच्या बाजूला सोबत जायचो. "मोटारीला खड्डा म्हंजे हादरा, मास्तर," ते म्हणायचे. "आपल्याला खड्डा म्हंजे हीरच की."

खड्डा बुजला तरी डहाळी लगेच काढायची नाही, असा त्यांचा नियम होता. मजुरांना सांगून ते डहाळीभोवतीच मुरूम टाकायला लावत. एक मोठा पाऊस पडून गेला, मामांनी स्वतः टाच मारून पाहिलं, की मगच ती निघायची. बऱ्या झालेल्या हाताला किती दिवस प्लॅस्टर ठेवणार, म्हणून मी त्यांची थट्टा करायचो. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं: "पावसानं पास केल्याबिगर वरच्या वर्गात घालायचं न्हाय."

आमच्या शाळेसमोरच्या सरळ रस्त्यावर पाइपासाठी चर खणून तसाच सोडून दिला होता. त्याचा गुडघाभर खड्डा झाला. तीन-चार सायकलवाले त्यात पडल्यावर मी वळणदार अक्षरात अर्ज लिहिला आणि मामांनी घरोघर फिरून सह्या-अंगठे घेतले. दोन महिने काही हललं नाही. मग एका सकाळी, मामा कारखान्याकडे गेल्यावर, मजूर आले आणि खड्ड्यात मुरूम पडला.

दुपारी शाळा सुटल्यावर मी तिथे जाऊन उभा राहिलो. रस्ता मीच बांधला अशा थाटात. मधोमध मामांची वाळलेली डहाळी तशीच उभी होती, आणि मला तो माझ्या अर्जावरचा अविश्वास वाटला. नियम मला माहीत होता. तरी मी ती उपटली आणि गटारात टाकून दिली.

तासाभरात आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला. मी वर्गात वह्या तपासत बसलो होतो. बाहेर आरडाओरडा झाला म्हणून धावलो. मुरूम खचला होता, रस्ताभर पाणी होतं आणि त्या पाण्यात मामा पडले होते, मानेवर सुताचे गठ्ठे घेऊन. पाणी लालभडक झालं होतं. तो सुताचा रंग होता. रक्त फारसं नव्हतंच.

दवाखान्यात ते शुद्धीवर होते. डहाळी दिसली नाही म्हणजे खड्डा अजून पुढे आहे, असं धरून आपण चाललो होतो, असं त्यांनी हळूहळू सांगितलं. मग माझ्याकडे बघत विचारलं, "मास्तर, डहाळी कुटं गेली वो?"

"काय माहीत, मामा," मी म्हणालो.

त्यांनी बराच वेळ विचार केला. "पावसानं गेली आसंल," ते म्हणाले. "मीच खोल रोवली न्हाय. माजीच चूक." तिसऱ्या दिवशी ते गेले.

त्यानंतर कितीतरी वर्षं मामी भेटल्या की हेच सांगायच्या. तुमचे मामा एवढे जपून वागणारे, पण त्या एका डहाळीला घाई केली बघा. मी मान हलवायचो. मला खोटं बोलायलाही लागत नसे. आता मामीही नाहीत.

ती डहाळी चांगली हातभर खोल रोवलेली होती. उपटताना मला दोन्ही हात लावावे लागले होते.