बोटभर लांब बंदूक

आमच्या साडूंनी आयुष्यात एकही वस्तू वाकडी बनवली नाही, आणि त्यांनी बनवलेली एकही वस्तू कधी जागेवर बसली नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान विक्रोळीच्या एका कारखान्यात पॅटर्नमेकर होते. पोलादाचा जो भाग ओतायचा, त्याचा आधी लाकडी नमुना करायचा, हे त्यांचं काम. हात असा, की रंध्यातून निघालेली साल उन्हात धरली तर पलीकडचं दिसावं. लग्नात जेवायला बसले तरी आधी पाट उलटा करून त्याचे सांधे बघत. घरी मात्र अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, शिलाईच्या टेपनं माप घेऊन सांगायचं आणि यांनी वस्तू बनवून आणायची, की ती हमखास अडकायची. फडताळ ओट्याखाली शिरेना, देव्हारा कोनाड्यात जाईना. "तुझं माप चुकलं," साडू शांतपणे म्हणत आणि खिशातली घडीची पट्टी लावून दाखवत. त्यांच्या पट्टीनं वस्तू अगदी बरोबर भरायची. अक्का बिचाऱ्या दर वेळी नवी टेप आणायच्या.

या माणसानं एका खंडेनवमीला बंदूक करायचं मनावर घेतलं. त्यांचे वडील, आबा, कोकणातून तरुणपणी पलटणीत गेलेले, दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या डोंगरात दुर्बिणीच्या बंदुकीनं नेम धरून बसलेले. त्या वर्षी पूजेत पाटावर साडूंची पटाशी, करवत आणि अक्कांची विळी मांडलेली. आबा विळीला झेंडूचं फूल वाहता वाहता म्हणाले, "शस्त्र म्हणान आता ईळीच ऱ्हवली." सगळे हसले. साडू हसले नाहीत. आबांना काचबिंदू होता. उरलेली नजर फार टिकणार नाही, असं डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं. आबांना पुढल्या खंडेनवमीला त्यांची बंदूक दाखवायची, नजर आहे तोवर, असं साडूंनी मला जिन्यात थांबवून सांगितलं. "दिसली पाहिजे त्यांना, साडूभाऊ. नुसती हातात देऊन काय करू?"

त्यानंतर ते वर्षभर दुसरं काही बोलले असतील तर मला आठवत नाही. घाटकोपरच्या रद्दीवाल्याकडे त्यांना एक जुनं इंग्रजी मासिक मिळालं. त्यात त्या बंदुकीचा फोटो आणि सगळी मापं होती. दस्त्यासाठी त्यांनी स्वतःच्या लग्नातल्या पलंगाचे सागवानी पाय कापले. अक्का काही दिवस जमिनीवर गादी टाकून झोपल्या आणि त्या काळात त्यांनी साडूंना चहा स्वतःचा स्वतः करायला लावला. दुर्बीण झाली पितळी नळाच्या तुकड्याची, तिच्यात आबांच्याच जुन्या चष्म्याच्या काचा. गोळी चढवायच्या खटक्याला दाराची कडी लागली, म्हणून संडासाचं दार महिनाभर सुतळीनं बांधलेलं होतं. गोळी जायला नळीत भोक नव्हतंच, ती आतून भरीव लाकूड. तरी कोणीतरी जाऊन सांगितलं आणि एक हवालदार चौकशीला आला. साडूंनी त्याला पाटावर बसवून दस्त्यावरचा गाल टेकायचा उंचवटा समजावून दिला. "आमच्या बंदुकीपेक्षा हिला पॉलिश झकास आहे," एवढं म्हणून तो चहा पिऊन गेला. आम्ही कितीदा म्हटलं, आबांना अंधुकच दिसतं, एवढी कोरीव कामं कशाला? "त्यांना दिसेल," साडू म्हणत आणि पुन्हा कानस घासायला लागत.

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी बंदूक तयार झाली. अक्कांनी राग गिळून, मासिकातलीच लांबी धरून तिला खाकी खोळ शिवली होती. बंदूक खोळीत घातली, तर टोक बाहेर.

"तुझं माप चुकलं," साडू म्हणाले.

"या वेळी नाही!" अक्का उठल्या, टेप आणली आणि साडूंच्या पट्टीशेजारी जमिनीवर पसरली. माझ्यादेखत टेपवरची दोन फुटांची खूण आधी आली, पट्टीवरची अर्धा इंच पुढे.

साडूंनी पट्टी उचलून उलटीसुलटी बघितली. ओतलेलं पोलाद थंड होताना आकसतं, म्हणून नमुना थोडा मोठा करावा लागतो आणि त्यासाठी पॅटर्नमेकरची पट्टीच मुळात थोडी मोठी असते. हे त्यांना नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ती कारखान्यातली पट्टी खिशात घालून घरी येता येता ती मोठी असल्याचा त्यांना विसर पडला होता. "इतकी वर्षं मी तुला बोललो गं," ते अक्कांना म्हणाले. मग बंदुकीकडे बघून म्हणाले, "ही मोडतो. नवीन करतो."

"कधी? उद्या पूजा आहे. आबा पुढल्या वर्षी बघतील काय?" अक्कांनी खोळीची शिवण उसवली आणि टोकाला बोटभर कापड जोडलं. मला त्या क्षणी या बाईच्या पाया पडावंसं वाटलं.

सकाळी आबांनी खोळ काढली. बंदूक खिडकीपाशी नेऊन डोळ्यांजवळ धरून इंच इंच बघितली. मग खांद्याला लावली, उंचवट्यावर गाल टेकला, डावा डोळा मिटला. घोड्यापर्यंत त्यांचं बोट पुरेना. साडूंना राहवलं नाही. "आबा, चुकलंय मी. ती बोटभर लांब झाली."

आबांनी गाल उचलला नाही. "खुळो मरे. बंदूक तीच आसा. मीच ल्हान झालंय."

साडू पुढे झाले आणि त्यांनी बंदुकीचं टोक खालून तोलून धरलं.

त्यानंतरची खंडेनवमी आबांनी चाचपूनच केली, आणि पुढे फार दिवस ते राहिले नाहीत. साडूंनी घरासाठी वेगळी पट्टी घेतली; फडताळ, देव्हारा सगळं नव्यानं केलं. बंदुकीला मात्र हात लावला नाही. त्याला बरीच वर्षं झाली; साडूही आता आबांच्या तेव्हाच्या वयाला आले. परवा खंडेनवमीला आम्ही गेलो होतो. फुलं वाहून झाल्यावर साडूंनी ती उचलली, खांद्याला लावली आणि गाल टेकला. त्यांचंही बोट आता घोड्यापर्यंत पोचत नाही. मी अक्कांकडे पाहिलं. त्यांनी मला मानेनंच गप्प राहायला सांगितलं.