मॅटिनीला कळलेला शब्द

भुताच्या सिनेमाला मी कधी घाबरले नाही. चार नणंदांच्या घरात नांदलेल्या बाईला पडद्यावरचं भूत काय घाबरवणार? तरी जयपूरला असताना पाहिलेला एक सिनेमा आठवला की आजही अंगावर काटा येतो, आणि पाठोपाठ आनंदही होतो. सिनेमा तसा फार चालला नाही.

ह्यांची बँकेतली बदली जयपूरला झाली होती आणि आम्ही शास्त्री नगरात तळमजल्यावर राहत होतो. वरच्या मजल्यावर एक नवं मराठी जोडपं आलं. तो पुण्याचा, कंपनीत मोठ्या पगारावर, दिसला की वाकून नमस्कार करणारा. ती जयपूरचीच. वडील विम्यात अधिकारी होते, निवृत्त होऊन मालवीय नगरात राहिलेले. तिचं मराठी हिंदी शाळेत वाढलेलं. ‘‘काकू, मी तुमची प्रतीक्षा करत होती,’’ असं बोलायची. मी तिचं बोलणं मनातल्या मनात हिंदीतून मराठीत आणून घ्यायचे. त्या सवयीनेच घात केला.

एकदा ती म्हणाली, ‘‘हे म्हणतात, तुला शिक्षा द्यायला पाहिजे. रोज देतात. मतलब, घर कसं चालवायचं, कोणाशी किती बोलायचं.’’

हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मी आपलं तेच समजले. म्हटलं, ‘‘नशीबवान आहेस. आमच्या ह्यांनी मला साधं एटीएम वापरायला शिकवलं नाही.’’ ती हसली नाही. ते माझ्या लक्षात आलं, पण मी गवार निवडत राहिले.

तिच्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा तो रोज संध्याकाळी बघायचा. त्यालाही मी काळजी म्हणाले होते. माझी अक्कल तेव्हा एवढीच. तिचा काटा हलू नये म्हणून त्या सिनेमाच्या मॅटिनीला आम्ही माझ्या स्कूटरवर गेलो. तो सहाला यायचा, त्याच्या आत तिला घरी पोचायचं होतं.

सिनेमातला नवरा देखणा, गोडबोल्या. बायकोचा फोन तपासायचा, तिच्या मैत्रिणी एकेक करून तोडायचा. घर असं की दारं आपोआप लागायची आणि भिंतीतून कोणीतरी रडायचं. पुढच्या रांगांत कॉलेजची पोरं होती. नवऱ्याने पहिली थप्पड मारली तेव्हा त्यांच्यातला एक ‘‘वाह भैया’’ म्हणाला आणि चक्क हशा पिकला. आमच्या मागे जवळच्या बस्सी गावाहून आलेल्या पाच-सहा बायका बसल्या होत्या, त्या मात्र चिडीचूप. मग पडद्यावरचा तो बायकोच्या कानाशी हळूच म्हणाला, ‘‘ये सज़ा नहीं है, तुम्हारे भले के लिए है.’’ त्याने तिच्या खोलीला बाहेरून कडी घातली आणि मध्यंतर झालं.

मी समोसे आणले. तिने हात लावला नाही.

‘‘काकू, सज़ाला मराठीत काय म्हणतात?’’

‘‘शिक्षा,’’ मी म्हणाले, आणि घास तोंडातच राहिला.

ती म्हणाली, ‘‘मी समजायची, हे मला शिकवतात. मीच ढ आहे, शिकत नाही, म्हणून एवढं कठीण शिकवतात.’’ मग तिने सांगितलं. भाजी खारट झाली की दोन दिवस अबोला. शेजारच्या भैयाशी बोलली म्हणून दुपारभर गच्चीवर, दाराला आतून कडी. ऐन मे महिन्यात. तिला गच्चीवर बसलेली मी खालून पाहिली होती, आणि पापड राखतेय असं समजून हात हलवला होता. मला स्वतःची लाज वाटली. त्याचा तर असा संताप आला की तो समोर असता तर त्याचे सगळे नमस्कार मी एका थपडेत परत केले असते.

उत्तरार्धात भिंतीतल्या बाईने घरच ताब्यात घेतलं. दारं आता नवऱ्याचं ऐकेनात. तो बाहेर अडकला आणि बायको आत. तो दाराशी रडायला लागला, माझं तुझ्यावर किती प्रेम आहे, एकदा उघड. तिचा हात कडीकडे गेला. तेवढ्यात मागची म्हातारी मोठ्याने म्हणाली, ‘‘छोरी, किवाड़ मत खोल.’’

कोणी हसलं नाही. दुसरी बाई म्हणाली, मग तिसरी, मग ती मघाची हसणारी पोरंही. ‘‘मत खोल, मत खोल.’’ माझ्याशेजारून आवाज आला तेव्हा मी वळून पाहिलं. ती उभी राहिली होती आणि सगळ्यांहून मोठ्याने ओरडत होती. पडद्यावरच्या बायकोने हात मागे घेतला आणि टाळ्यांनी थिएटर डोक्यावर घेतलं. मीही वाजवल्या, हात लाल होईपर्यंत.

बाहेर आलो तेव्हा सव्वापाच झाले होते. सहाच्या आत शास्त्री नगर सहज गाठता आलं असतं.

‘‘काकू, मालवीय नगरला सोडाल?’’ ती म्हणाली.

तिथे तिने आईवडिलांना सगळं उभ्या उभ्याच सांगितलं. आई म्हणाली, ‘‘लोक काय म्हणतील?’’ वडिलांचा जन्म विम्याचे कागद आणि पुरावे मागण्यात गेलेला, आता हिच्याकडेही मागतात की काय, अशी मला धास्ती. त्यांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली. मग म्हणाले, ‘‘स्थळ लोकांनी नाही, मी आणलं होतं. चूक माझी आहे. पानं घ्या, पोरगी भुकेली असेल.’’

आम्ही जेवत असताना फोन वाजला. पलीकडून जावई विचारत होता, ती तिथे आहे का.

‘‘आहे, जेवतेय,’’ वडील म्हणाले. ‘‘जेवण झाल्यावर तिला वाटलं तर करेल फोन.’’

तिला वाटलं नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढेही कधी नाही.