सहाव्या लेनची गाठ

आमच्या खेळाच्या सरांना नाव आहे, पण ते हजेरीपटापुरतं. एरवी सगळी शाळा त्यांना फक्कीसर म्हणते. मैदानावर पांढऱ्या रेघा मारायची जी भुकटी असते ना, फक्की, ती ह्या माणसाच्या बुटांवर, बाह्यांवर, भुवयांवर कायमची बसलेली. स्टाफरूममध्ये त्यांचा कप वेगळा ठेवावा लागत नाही, कानाला पांढरी बोटं उमटलेला कप त्यांचा. मी गणित शिकवते, खडू माझ्याही हाताला असतो, पण माझा धुतला की जातो.

ह्या वर्षअखेरीला ते निवृत्त होणार होते, आणि खरं सांगायचं तर माणूस त्याच्या आधीच दमून गेला होता. गुडघे गेलेले. रेघ मारायला वाकले की उठताना प्रत्येक वेळी तोंडातून "आई गं" निघायचं. त्यात कोणी रजेवर गेलं की त्याचा तास ह्यांच्या गळ्यात. बाकं हलवायची आहेत, बोलवा फक्कीसरांना. घंटा वाजत नाही, बोलवा फक्कीसरांना. आणि हे जायचे! मला ह्याचाच संताप यायचा. एकदा मी फाडकन म्हटलं, "अहो सर, कधीतरी नाही म्हणायला शिका की!" तर खुर्चीत टेकत म्हणाले, "बाई, नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो."

त्यांची एक दोरी होती, तिच्याबद्दल सांगायलाच हवं. दोनशे मीटरच्या शर्यतीत सगळ्या मुली एका रेघेवर उभ्या नसतात, बाहेरच्या लेनमधली पुढे उभी असते, हे तुम्ही पाहिलं असेल. कारण वळणावर बाहेरून जाणारीला जास्त पळावं लागतं, म्हणून तिला तेवढं पुढे ठेवायचं. किती पुढे, हे काढताना सरांच्या पूर्वी नाकीनऊ यायचे. टेप घेऊन प्रत्येक लेनचं वळण मोजत बसायचे. एकदा मला त्यांची दया आली आणि मी त्यांना रेडियन शिकवला. कोन अंशात मोजू नका, म्हटलं, त्रिज्येत मोजा. त्रिज्येएवढी दोरी घ्या आणि वळणावर अंथरा. एक दोरी बसली की एक रेडियन. अर्ध्या वर्तुळावर तीन दोऱ्या बसतात आणि वर थोडं उरतं, ३.१४. कंसाची लांबी म्हणजे त्रिज्या गुणिले तो आकडा, बस. मग दोन लेनमधला फरक किती? लेनची रुंदी गुणिले तोच आकडा. मैदान लहान असो की मोठं, त्रिज्येचा संबंधच उरत नाही.

लेन एक मीटरची, वळण अर्ध्या वर्तुळाचं. म्हणजे दर लेनला ३.१४ मीटर. सरांनी त्याच दिवशी एका जाड दोरीला तेवढ्या तेवढ्या अंतरावर गाठी मारल्या. दुसऱ्या लेनला पहिली गाठ, तिसरीला दुसरी, असं सहाव्या लेनला पाचवी. त्यानंतर त्यांनी कधी टेप काढली नाही. दोरी टाकली, गाठीपाशी रेघ मारली, "आई गं" म्हणून उठले, झालं काम.

आता भिंगरीबद्दल. नववीतली पोर. एका जागी स्थिर उभी राहील तर शपथ, म्हणून भिंगरी. घर एका खोलीचं. आई लॉजच्या चादरी धुते, आणि शाळेत यायच्या आधी त्या ओल्या जड चादरी पिळून वाळत घालायचं काम हिचं. तिच्या मनगटांकडे पाहिलं तर एखाद्या पैलवानाची वाटावीत. पुढच्या वर्षी आई तिला शाळेतून काढणार हे ठरल्यातच जमा होतं, एकट्या बाईला ते काम झेपेना. सुटकेची एकच वाट होती. निवड शर्यतीत जी पहिली येईल तिला क्रीडा वसतिगृहात जागा. राहणं, जेवण, शिक्षण, सगळं तिथेच. जागा एकच होती. सर त्या पोरीला रोज सकाळी पळवायचे, स्वतः गुडघा धरून कडेला उभे राहायचे. मला एकदा म्हणाले, "बाई, ही गेली ना तिकडे, की मी मोकळा." जन्मभर रेघा मारून एकही मूल इथून पुढे गेलं नव्हतं, ते त्यांच्या जिवाला लागलेलं होतं.

निवड शर्यत ह्या वर्षी आमच्या मैदानावर होती. आणि आमच्या शहाण्या संस्थेने नेमकी ह्याच वर्षी पाण्याची टाकी बांधली, तीही कुठे, तर वळण सुरू होतं तिथे, धावपट्टीच्या बोकांडी! सरांनी काही तक्रार केली नाही. त्यांनी सुरुवातीची रेघ टाकीच्या पुढे, वळणात आत सरकवली आणि तेवढंच अंतर शेवटची रेघ पुढे नेली. दोनशेचे दोनशे मीटर बरोबर झाले. मग दोरी टाकली आणि गाठीगाठीला रेघा मारल्या.

भिंगरीच्या वाट्याला सहावी लेन आली. पलीकडच्या शाळेची एक उंच मुलगी पहिल्या लेनमध्ये होती. शर्यत संपताना दोघी जवळजवळ बरोबर होत्या, पण भिंगरी हातभर आधी पोचली. आम्ही ओरडून ओरडून घसे बसवून घेतले. सर मात्र चुन्याच्या पोत्यावर बसले होते, डोळे पुसत. चुना गेला म्हणाले डोळ्यात.

दोन दिवसांनी मी अकरावीचा वर्ग मैदानावर घेऊन गेले. फळ्यावर रेडियन सांगून माझाच जीव मेटाकुटीला आला होता. "वर्तुळपाकळीचं क्षेत्रफळ" म्हटलं की मागच्या बाकावर खसखस पिकते, फुलाचा पत्ता नाही आणि पाकळी म्हणे! म्हटलं चला, पायाने मोजा. वळणाच्या केंद्रापाशी खुंटी होतीच. तिथून आतल्या कडेपर्यंत एक साधी, बिनगाठींची दोरी ताणली, पंचवीस मीटर. तीच दोरी सुरुवातीच्या रेघेपासून वळणाच्या शेवटापर्यंत अंथरायला लावली. मी आपली मनात ३.१४ धरून उभी.

"बाई, दोन दोऱ्या आणि वर सोळा मीटर," एक मुलगी ओरडली.

"परत मोजा," मी खेकसले.

परत तेच आलं. दोन पूर्ण, आणि पंचवीसातले सोळा म्हणजे ०.६४. कोन २.६४ रेडियन. पोरं बिचारी खूश, लगेच हिशेबाला लागली. पंचवीस गुणिले २.६४, कंस सहासष्ट मीटर. निम्मे गुणिले पंचवीसचा वर्ग गुणिले २.६४, पाकळी आठशे पंचवीस चौरस मीटर. सगळं बरोबर होतं. मी मात्र टाकीकडे पाहिलं. टाकीमुळे वळण अर्धवर्तुळ राहिलंच नव्हतं, अर्धा रेडियन कापला गेला होता. आणि दोरीच्या गाठी अजून ३.१४ च्याच होत्या. दर लेनला अर्धा मीटर जादा. सहाव्या लेनला अडीच मीटर.

भिंगरी अडीच मीटर कमी पळाली होती. आणि जिंकली होती हातभराने.

मी मान वळवली तर सर मागे उभे होते. त्यांनी पोरांचा आकडा ऐकला होता. त्रिज्येचा संबंध नाही एवढं त्यांनी पक्कं धरलं होतं, पण कोनाचा आहे, हे त्या दमलेल्या डोक्यातून निसटलं होतं. त्यांचा चेहरा त्या फक्कीहून पांढरा झाला.

वर्ग गेल्यावर मी त्यांना म्हटलं, आणि हे मी म्हटलं ह्याची मला लाज वाटत नाही, "सर, राहू द्या. कोणाला कळणार नाही. माझी पोरं आकडे उद्या विसरतील, मला माहीत आहे ना ती कशी आहेत. त्या पोरीचं आयुष्य आहे हो."

ते खुंटीपाशी बसले. गुडघा चोळू लागले. मग म्हणाले, "ती दुसरी पोरगी पूर्ण पळाली ना, बाई."

"तिच्या घरी तिला चादरी पिळायच्या नाहीत!"

"तुम्हाला काय माहीत?" ते म्हणाले. चिडून नाही. चिडायलाही त्यांच्यात काही उरलं नव्हतं. "मलाही माहीत नाही. मला फक्त रेघेचं माहीत आहे."

त्यांनी निवड समितीला कळवलं. समितीने त्यांना आडवं-उभं झापलं, मुख्याध्यापकांनी वेगळं. जाता जाता शाळेची अब्रू घालवलीत, असंही ऐकवलं. सगळं खाली मान घालून ऐकलं त्यांनी. त्याच आठवड्यात शर्यत पुन्हा घ्यायचं ठरलं. भिंगरीला सांगायला ते मला सोबत घेऊन गेले, एकट्याने जायची छाती होईना. "रेघ चुकली माझी. परत पळावं लागेल," एवढंच बोलले. मला वाटलं, पोर आकांत करेल, भांडेल. मी असते तर भांडले असते. ती नुसती मान हलवून "बरं" म्हणाली. मला त्याचं नवल वाटलं, पण त्या धांदलीत मी ते सोडून दिलं.

सरांनी नवी दोरी आणली, नव्या गाठी मारल्या, आणि प्रत्येक लेन टेपनेही मोजली. मोजताना किती वेळा "आई गं" म्हणाले, काही विचारू नका. शर्यत झाली. भिंगरीला ह्या वेळी दुसरी लेन मिळाली होती. जीव तोडून पळाली हो! पण ती उंच मुलगी पाऊलभर पुढे राहिली. पाऊलभरच. त्या मुलीच्या आईने तिला मैदानावरच मिठी मारली. आमच्याकडचं कोणी ओरडलं नाही.

मैदान रिकामं झाल्यावर सर दोरी गुंडाळत होते आणि मी उगाचच तिथे रेंगाळत होते. भिंगरी आली. बूट हातात, पाय अनवाणी. रडलेली नव्हती.

"सर, एक विचारू? रागवणार नाही ना?"

"विचार."

"मला पहिल्या शर्यतीतच कळलं होतं. टाकीच्या पुढून पळतानाही वळणाची माझी पावलं ठरलेली असतात. त्या दिवशी वळण लवकर संपलं." ती बुटाची नाडी बोटाला गुंडाळत होती. "मला वाटलं, तुम्ही मुद्दाम केलंत. माझ्यासाठी. म्हणून मी कोणाला बोलले नाही. आईलासुद्धा नाही."

सरांचे हात थांबले. साधी रेघ वाकडी गेली तर पुसून परत मारणारा तो माणूस, आणि त्याला ही पोर लबाड समजत होती, आणि त्यासाठीच त्याच्यावर जीव टाकत होती. मला वाटलं, आता हे हो म्हणतील. म्हणावं, असंही वाटलं. काय बिघडणार होतं?

"नाही गं," ते म्हणाले. "चुकलो मी. मुद्दाम नव्हतं केलं."

शर्यत हरली तेव्हा नव्हता पडला एवढा तिचा चेहरा तेव्हा पडला. तिच्यासाठी कोणीतरी काहीतरी केलं होतं, असं ती इतके दिवस उराशी धरून होती, आणि तेही गेलं.

सर खाली बसले. गुडघ्याने कुरकुर केली, पण ह्या वेळी तोंडातून आवाज निघाला नाही. "मुद्दाम करावंसं वाटतं का, असं विचारशील," ते म्हणाले, "तर वाटतं. रोज वाटतं, पोरी. तुला उचलून पलीकडच्या रेघेवर नेऊन ठेवावं असं वाटतं. पण मला तसं जमत नाही. मला नुसती रेघ मारता येते."

तेव्हा ती रडली. सरही रडले, आणि ह्या खेपेला डोळ्यात चुना गेला असं काही म्हणाले नाहीत. मी पर्समध्ये खडू शोधत बसले, खडू कशाला हवा होता देव जाणे.

वर्षअखेरीला सर निवृत्त झाले. खेळाची खोली आवरताना जुनी दोरी भंगारात निघाली, तेव्हा भिंगरीने ती मागून घेतली. तिची शाळा सुटली. मी घरी जाऊन आईशी बोलले, वाद घातला, उपयोग झाला नाही. ती आईसुद्धा किती थकलेली आहे ते पाहिलं, आणि माझा आवाजच चढेना.

परवा त्या गल्लीतून जाताना दिसलं, दोन खांबांना तीच दोरी बांधलेली आहे. भिंगरी पिळून पिळून चादरी टाकत होती. मला पाहून हसली.

"बाई, दोन गाठींमध्ये एक मोठी चादर बरोबर बसते," म्हणाली, आणि पुढची उचलली.