बायकांच्या वॉर्डातलं भजन

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मी परभणीत शाळामास्तर होतो आणि पेटी वाजवायचो. बरी वाजवतो, असं लोक म्हणत. फार छान वाजवतो, असं माझं मत होतं. आदल्या वर्षी मुदतीच्या तापानं मी तीन आठवडे दवाखान्यात पडून होतो. ताप परवडला, पण ते छताकडं बघत पडणं नको. बरा झालो तेव्हाच ठरवलं, आपल्या भजनी मंडळाला घेऊन दर रविवारी इथं यायचं आणि आजारी माणसांना दोन घटका गाणं ऐकवायचं.

डॉक्टरांनी आनंदानं परवानगी दिली. कुरकुर केली ती आमच्याच म्हाताऱ्या पखवाजवाल्यानं. "मास्तर, आजाऱ्याच्या उशाला भजन कवा बसतं, ठाऊक हाय ना तुमाला?"

ठाऊक होतं. आमच्याकडं खेड्यात डॉक्टरनं हात टेकले, माणूस हातचा जायला लागला, की शेजारपाजारचे टाळ घेऊन त्याच्या उशाशी बसतात. जाणाऱ्याच्या कानावर देवाचं नाव पडावं म्हणून. पण मी पडलो शिकलेला. "तुम्ही पखवाज सांभाळा बाबा, अक्कल मी सांभाळतो," असं त्याला सगळ्यांदेखत ऐकवलं. मंडळी हसली.

पहिल्या रविवारी पुरुषांच्या वॉर्डात चांगला रंग भरला. पाय मोडलेला एक ट्रकवाला तर फर्माइशी करायला लागला. दुसऱ्या रविवारी आम्ही बायकांच्या वॉर्डात गेलो. खिडकीजवळच्या खाटेशेजारी जागा मोकळी होती, तिथंच सतरंजी टाकली. खाटेवर राणीसावरगावची एक बाई होती, पस्तिशीची असेल. पोटाचं ऑपरेशन झालेलं, टाके ओले होते, पण ती सुधारत होती. सकाळीच तिनं भाकरी मागितली, असं सिस्टर म्हणाल्या. टाळ वाजले तसे तिनं हात जोडले, डोळे मिटले. गालांवरून पाणी वाहायला लागलं. मला वाटलं, काय वाजवतोय मी! निघताना तिच्या नवऱ्यानं फेटा काढून माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी त्याला उठवलं खरं, पण मनातून सुखावलो.

मंगळवारी सिस्टर बाजारात भेटल्या. "रविवारीच पाचच्या एसटीनं घेऊन गेला तिला. किती विनवलं मी. म्हणतो, भजन बसलं, आता कशाला लपवता बाई? तिला तिच्या घरात जाऊ द्या. तीही निघाली मुकाट्यानं. टाक्यांत पू झाला तर वाचायची नाही हो ती. तुम्हीच जाऊन सांगा, तुमचं ऐकेल."

शाळेत तपासणी होती म्हणून मी रविवारपर्यंत थांबलो. हे लिहितानासुद्धा मला माझीच चीड येते.

राणीसावरगावला उतरून घर विचारत गेलो, तर दारात माणसं बसलेली. ती शुक्रवारी गेली होती. मला बघताच नवरा उठला आणि सगळ्यांना सांगायला लागला, "ह्येच ते मास्तर. ह्यांनी येळेवर भजन केलं म्हून कळालं. न्हाई तर दवाखान्यातच गेली असती, लेकरायची भेट बी झाली नसती. घरी आल्यापसून घास घेतला न्हाई तिनं. म्हनायची, आता कशाला."

मला मानानं घोंगडीवर बसवलं. चहा आला. ती मरणार नव्हती, आम्ही नुसते करमणूक करायला आलो होतो, एवढंच मला सांगायचं होतं. सांगितलं तर हा माणूस जन्मभर स्वतःला खात बसेल, अशी मी माझी समजूत घातली. खरं म्हणजे मी घाबरलो होतो. मी चहा पिऊन टाकला.

उठलो तेव्हा त्यानं माझा हात धरला. "आलाव तर मायपशी बी बसा घडीभर. लय दिवसांपसून पडून हाय." आणि तो मला आतल्या खोलीत घेऊन गेला. कोपऱ्यात खाटेवर त्याची म्हातारी आई होती. "माय, दवाखान्यातलं भजनवालं मास्तर आलंत," असं त्यानं सांगताच तिनं गोधडी डोक्यावरून ओढून घेतली.

आतूनच ती म्हणाली, "त्यांना जायला सांग रं बाबा. मी बरी हाय."