मावशीला दाखवलेली भुतं

भुतांच्या सिनेमांचं वेड मला डी.एड.च्या वसतिगृहात लागलं. त्यातही जपानी, कोरियन, थाई. आपल्या हडळीचा पत्ता ठरलेला असतो, पिंपळ नाहीतर विहीर. तिकडं फिरकलं नाही की झालं. जपानी भूत मात्र घरातच असतं. जिन्यात, कपाटामागं, नुसतं उभं. मला ते फार आवडायचं. मुलगी बघायला आलेल्यांसमोर या आवडीचं नाव काढायचं नाही, अशी आईची सक्त ताकीद होती.

लग्न होऊन अंबाजोगाईला गेले आणि वर्षाच्या आत नोकरी लागली ती पाटोदा तालुक्यातल्या एका लहान गावच्या शाळेत. तिथं खोली घेऊन एकटीच राहायचे. नवरा पंधरवड्यानं यायचा. दिवाळी झाली की अख्खं गाव ऊसतोडीला जाई. ट्रॅक्टर भरून माणसं, लेकरं, शेळ्या, भांडी निघून गेली की गावात माणूस औषधाला सापडत नसे. घरोघर कुलपं. शाळा सुटल्यावरची दुपार अक्षरशः अंगावर यायची.

शेजारच्या घरात एक मावशी मागं राहायच्या. गुडघे गेलेले, त्यामुळं मुलगा-सून त्यांना नेत नसत. एका दुपारी विरजण मागायला आल्या आणि माझ्या मोबाईलमध्ये डोकावल्या त्या तिथंच बसल्या. इअरफोनचा एक बोळा त्यांच्या कानात, एक माझ्या. भाषा जपानी, खाली इंग्रजी अक्षरं, आणि मी मराठीत सांगणार. मला वाटलं, आता म्हातारी किंचाळणार.

"घर कुनाचं हाय ह्ये?" त्यांनी विचारलं.

"आधी त्या बाईचंच होतं. मेल्यावरही ती तिथंच राहते."

"मंग ती कावून भूत? भूत तर ही नवी आलेली मानसं हायेत."

मी पोट धरून हसले. पण शेवटी ते कुटुंब सामान गाडीत टाकून पळालं, तेव्हा मावशीनं माझं मनगट धरलं. "मंग ती येकलीच ऱ्हायली व्हय?"

त्यांच्या तोंडाकडं बघून माझ्यानं हो म्हणवेना. "नाही मावशी, थंडी सरल्यावर परत आली ती माणसं."

तेव्हापासून प्रत्येक सिनेमाचा शेवट मी पदरचं घालून सांगू लागले. कुणी लेकरांना घेऊन परत आलं, कुणी घराला रंग दिला. मावशी भाजलेल्या शेंगा आणायच्या. असे दोन हिवाळे गेले, आणि खरं सांगते, त्या गावात मला दुपारची भीती वाटेनाशी झाली.

मग अंबाजोगाईला बदली झाली. मीच अर्ज केला होता, किती जणांच्या विनवण्या केल्या होत्या. ऐन पौषात कागद हातात पडला. सगळ्यांत शेवटी मावशीला सांगितलं.

"उन्हाळ्याच्या सुट्टीत येते मी. नक्की."

त्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बाई, त्या पिच्चरमधली मानसं माघारी येत न्हवती, न्हाई का?"

मी खाली पडलेली टरफलं गोळा करू लागले.

"गाडी जाताना दिसायची, येताना कदी दिसली न्हाई. मला अक्षर येत न्हाई, पर डोळे हायेत." मग सोललेले दाणे माझ्या ओंजळीत ओतत म्हणाल्या, "तुमी सांगताना लई ग्वाड लागायचं, म्हनून ऐकत व्हते."

उन्हाळ्याची सुट्टी आली आणि गेली. मग दुसरी. नणंदेचं लग्न, सासऱ्यांचं ऑपरेशन, काही ना काही निघत राहिलं. अंबाजोगाईहून पाटोदा म्हणजे काही परदेश नाही, हे मलाही कळतं.

आता घर माणसांनी भरलेलं आहे आणि भुताचे सिनेमे मी एकटीच बघते. इअरफोनचा दुसरा बोळा गळ्याशी लोंबत असतो. शेवटी सामान भरून गाडी निघाली की मी मोबाईल बंद करते. मागं राहिलेलीचं तोंड मला बघवत नाही.